सुटणारी गाठ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
आमचा गेला.
पीळ डॉट इन. तीन वर्षं आमचं होतं,
मग एका बुधवारी उघडलं तर
काथ्याच्या पायपुसण्यांच्या जागी
पत्ते पिसणारी कुणी बाई.

नाव घेतलं होतं चंद्रभागेच्या सुदेशनं,
त्याच्या मेलवर, त्याच्या कार्डानं.
सुदेश आता बोटीवर असतो.
मुदत संपल्याची सात पत्रं
त्याच्या बंद पडलेल्या खात्यात येऊन पडली,
तेव्हा आम्ही इथे वेंगुर्ल्यात
खाडीत सोडणं भिजत घालत होतो.

आता नवं नाव, पीळदार.
हिशेब माझ्याकडे. पतसंस्थेत बावीस वर्षं
कर्जाच्या कागदांची मागची बाजू वाचलीय मी,
म्हणून भाकऱ्या उरकल्यावर
मोबाइल आणि चष्मा घेऊन बसले.

पहिली कंपनी नव्याण्णव रुपयांत देते.
पानभर झेंडू, उलटी धावणारी घड्याळं.
पुढच्या वर्षापासून चौदाशे एकोणपन्नास,
हे तळाशी, राखाडीवर राखाडी अक्षरांत.
माझा घरचा पत्ता झाकायचे पैसे वेगळे.
दोन चौकटींत आधीच बरोबरची खूण,
कोळंबीबरोबर पाव किलो बर्फ तोलून देतात तशी.
पण फोन उचलतात. मराठीत.
पोरगी म्हणाली, "काकू, जेवलात का?"
हे मी जमेच्या बाजूला लिहिलं, खोडलं,
आणि परत लिहिलं.

दुसरी आठशे वीस. यंदाही, पुढेही;
वाढले तर आधी कळवू, म्हणे.
पत्ता झाकलेला, फुकट.
पान इतकं कोरडं की पतसंस्थेचा नोटीसबोर्ड बरा.
फोन नाहीच. विचारायचं ते लिहून, इंग्रजीत,
आणि उत्तराची वाट बघायची
रेडीला ट्रकवाले जहाजाची बघतात तशी.

शिवाय बाजारातला गिरप कॉम्प्युटरवाला:
"वहिनी, माझ्या खात्यात ठेवतो,
तुम्हांला डोक्याला ताप नको."
माणूस चांगला.
सुदेशही चांगलाच होता.

लुदोविनाला सगळं वाचून दाखवलं.
रहाटावरचा हात न काढता ती म्हणाली,
"म्हणजे नाव आपला नाय? भाड्याचा?"
भाड्याचंच. कितीही वर्षं कसा,
या जमिनीला कूळकायदा लागत नाही.
"मगे थंयसून भायर पडाक येता काय?
तां आधी बघ."

तांडेल गाठ पारखतो ती घट्टपणावर नाही.
आवळायला कुणालाही येतं.
वाऱ्यात धरते का,
आणि नंतर भिजलेल्या बोटांनी
सुरी न लावता सुटते का.
पहिलीकडून नाव हलवायचं तर
अर्ज, त्यावर फोन, फोनवर तीच गोड पोरगी:
"काकू, का जाताय?"
दुसरीकडे एक कुलूप आणि
एक लांबलचक आकडा, मागितला की मिळणारा.

दुसरी घेतली. पाच वर्षांचे एकदम भरले.
चंद्रभागा म्हणाली, एवढ्यात जुना रहाट दुरुस्त झाला असता.
झाला असता.
खातं संस्थेच्या मेलवर, परवलीचा शब्द
तीन तुकडे करून तिघींच्या वह्यांत.
लुदोविनानं तिचा तुकडा
तांदळाच्या डब्यावर खडूनं लिहिलाय.
बोलले मी तिला.

धास्ती आहेच. ऐन चतुर्थीच्या मागणीत
काही बंद पडलं तर
हाक कुणाला मारायची, ठाऊक नाही.
त्या पोरीचा नंबर मी अजून पुसलेला नाही.

झोपण्याआधी कुलूप एकदा उघडून पाहिलं.
सुटलं.
परत लावलं.
बाहेर ओहोटी लागली होती,
आणि खाडीत दगडांखाली दडपलेल्या सोडणांचा
तो वास, ज्याला पाहुणे नाक मुरडतात,
खिडकीतून आत येत होता.