घरचीच माणसं

चिकोडीच्या जनावरांच्या दवाखान्यात
गंगव्वा कमतेंनी म्हैस आणली.
लाळेची तार जमिनीपर्यंत, खुरांच्या बेचक्यात फोड.
‘दावण सोडून हलली नाही ओ ही. आलं कुठनं?’

कानडीत सुरुवात केली मी, अडकले, मराठीत आले.
मावशी, तो विषाणू रिकामाच येतो.
एक चिठ्ठी तेवढी जवळ.
जातं नाही, चूल नाही, चिमूटभर पीठ नाही.

पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं,
आजूबाजूला घट्ट धरून राहणं हे त्याचं काम.
तोच हात धरून हा आत शिरतो.

आत वाचणारे रात्रंदिवस बसलेले.
म्हशीच्या चिठ्ठ्या वरच्या टोकाला धरून जो त्यांच्यापुढं ठेवतो
त्याचेच हा दोन तुकडे करतो
आणि आपली चिठ्ठी मधूनच वाचायला देतो.
वाचतात.
निपाणीच्या बसची पाटी मी वाचते तसं,
कुणी लिहिली विचारत नाही.
आणखी एक प्रथिन, एरवी कातरकाम करणारं,
चिठ्ठीची घडी मोडू नये म्हणून
दोन्ही हातांनी धरून बसतं.

‘म्हंजे फितूर की.’
नाही ओ.
फितुराला ठाऊक असतं.

खूर धुतले, जिभेला बोरोग्लिसरीन लावलं,
नोंदवहीत गाव लिहिलं.
बाहेर कलगोंडा दूधवाला गाडी चालू ठेवून उभा:
‘किटली द्या मावशी, जाता जाता
चार गोठे करायचेतच मला.’

भला माणूस.
मी त्याच्या चपलांकडं बघत राहिले.