देठासकट

एप्रिलभर आमच्या गच्चीवर मिरची वाळते.
दिवा कोळीवाडा, ऐरोली. पलीकडे खाडी,
अलीकडे नव्या टॉवरची बावीस मजली सावली.
साडेतीनला ती मिरच्यांवर येते,
मग आई चादर ओढून उन्हात नेते.

चौघी जणी बसून देठ मोडतात.
दहा किलो ब्याडगीत पाऊण किलो देठ निघतो,
म्हणजे पाऊण किलोचे पैसे
बोटांची आग करून आपणच फेकायचे.
"बाहेर साडेचारशेला मिळतो हो," बाया म्हणतात.
आई म्हणते, "बाहेर देठ पन मिलतान."

पहिल्या वर्षी तिने भाव लावला होता चारशे ऐंशी.
डबा उघडला, हुंगला, झाकण लागलं.
एवढ्या स्वस्तात? काय घालता काय?
दुसऱ्या वर्षी तोच मसाला, त्याच डंकावर कुटलेला,
आठशे वीस.
आता कुणी हुंगतही नाही.

तरी आठशे वीस सगळ्यांना झेपत नाहीत.
म्हणून पिवळ्या झाकणाचा डबा आला:
संकेश्वरी जास्त, धणे भरपूर,
जावित्रीचं फक्त नाव, तेही काढून टाकलं.
चिठ्ठीवर स्केचपेनने मीच लिहिलं, देठासकट.
बाबा म्हणाले, हे कशाला लिहायचं?
आई म्हणाली, लिव.

टिपणीसबाई दोन्ही नेतात.
लाल झाकण नणंद राहायला येणार म्हणून,
पिवळं आमच्यापुरतं.
लिसी सिस्टर पाच तारखेला लाल, अर्धा किलो,
सत्तावीसला पिवळं, शंभर ग्रॅम.
नाक तेच. तारीख वेगळी.
बर्वेआजोबांनी चष्मा पुसून यादी तीनदा वाचली,
दगडफूल कुठलं ते विचारलं,
चिमूटभर लाल कागदात बांधून नेलं.
दुसऱ्या दिवशी मुद्दाम सांगायला आले,
पाण्यात टाकला, रंग सुटला नाही, अस्सल आहे तुमचा.
आणि पिवळं झाकण घेऊन गेले.

मला राग आला होता.
आई पैसे मोजत होती, तिला नाही आला.

शनिवारी तिच्याबरोबर तांदूळ आणायला गेले.
पहिल्या पोत्यात तिने कोपरापर्यंत हात घातला,
मूठभर वर काढला, फुंकर मारली,
एक दाणा दाताखाली तोडला.
"जुना हाय ना रं?"
"दोन वर्षांचा, काकू. हात लावलात तेव्हाच कळलं असेल."
तिला कळलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.
मग तिने पोत्यात खोचलेली पाटी वाचली,
मूठ हळूच उघडली, एकही दाणा खाली न सांडता,
आणि शेजारच्या पोत्याकडे सरकली.
तिथे हात घातला नाही. हुंगलं नाही.
"धा किलो दे."

दुकानदार काही बोलला नाही.
त्याने नुसती पिशवी उघडून धरली.