गणपूर्ती

माझं अक्षर बरं,
म्हणून इतिवृत्ताची वही माझ्या पदरात.
नाहीतर बेदाण्याच्या शेडवर काड्या वेचणारीला
सभेत खुर्ची कोण देतं?

सावळजच्या अलीकडे, ओढ्याला लागून
आमची शाळा. आमची म्हणजे पालकांची :
शंभर रुपयांचा एक शेअर
आणि वर्षाला सहा दिवस अंगमेहनत.
पैशाला उशीर चालतो. दिवसाला चालत नाही.

सभा रविवारी, अकरा वाजता.
सभासद दोनशे बारा. गणपूर्तीला हवेत त्रेचाळीस.
हजर तेवीस, त्यातले एक झोपलेले.
सप्टेंबर सरत आलाय, छाटण्या लागल्यात,
सगळं गाव बागेत वेलीखाली वाकलेलं.

चेअरमन झांबरेअण्णांनी घड्याळ बघितलं.
मी लिहिलं :
'गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब.
तहकूब सभा याच ठिकाणी होईल,
तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'
कायदाही कधीकधी आईसारखा बोलतो :
आले तेवढ्यांना वाढ, बाकीच्यांचं झाकून ठेव.

त्या अर्ध्या तासाचं इतिवृत्त कुणी लिहीत नाही.
दस्तगीर मुल्ला उठले, गाडीतून मशीन आणलं,
फाटकाची निखळलेली बिजागरी जोडून टाकली.
ठिणग्या बघायला पोरं जमली
तर म्हणाले, मागं सरा रे, डोळं झाका.
कुसुमवहिनींनी पातेल्यात चहा टाकला.
आणि विषय निघाला गेल्या गॅदरिंगचा.

पडदा शेडचाच होता, हिरव्या जाळीचा.
आतलं सगळं दिसत होतं :
मिशी न लावलेला औरंगजेब,
साडीची पिन तोंडात धरलेली ताराराणी.
दोरी तुटली तेव्हा दोन बाप
दोन तास पडदा धरून उभे राहिले,
दर प्रवेशाला पळत जायचे, पळत यायचे.
सगळ्यात जास्त टाळ्या त्यांनाच.
अण्णा हसले. झोपलेले जागे झाले.

तेवढ्यात दारात प्रज्वल धेंडे,
सातवीतला. हातात प्लॅस्टिकची पिशवी,
पिशवीत शेअरचा दाखला, चार घड्या घातलेला.
'आई पेस्टवर गेलीया पहाटंच.
म्हणली, आपला शेअर हाय, जाऊन बस.'
अज्ञान मुलाला मोजता येत नाही, अण्णा म्हणाले,
आणि शेजारची खुर्ची पायानं पुढे सरकवली.

साडेअकरा. तीच जागा, तीच माणसं, एक जास्त.
विषय एक ते चार मंजूर.
विषय पाच :
अंगमेहनतीचे दिवस न भरलेल्या पालकांची नावे वाचणे.

वाचणार मीच.
कदम, कोष्टी, खराडे, तांबोळी.
पुढे ध.
मी पान उलटलं, दोन पानं एकदम उलटली.
'चिकटलीत,' मी म्हणाले.
'हवाच तशी हाय,' दस्तगीरभाई म्हणाले,
बाहेर लख्ख ऊन.

प्रज्वल उठून उभा राहिला.
'बाई, आमचं राहिलं की.
सहातलं दोनच भरल्यात.'

पंखा तेवढा बोलत होता.
अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
'वेळेअभावी उर्वरित वाचन पुढील सभेत,'
मी लिहिलं.
वेळ होता भरपूर.

संध्याकाळी कपाटाला कुलूप घालताना
मजुरांचा टेम्पो फाटकाशी थांबला.
रोहिणी उतरली, डोक्याचा रुमाल तसाच.
'पोरगं काय चुकीचं तर बोललं न्हाई?'
'नाही.'
'दिस संपल्यावरचा दिस धरता का वो?
दोन तासाचा?'
उत्तराची वाट न बघता
तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला.

वर्ग झाडून झाले. मी वही पुढे केली.
इथं सही कर, हजेरीत.
सभा कवाच संपली की.
कर.

तिची सही सावकाश, एकेक अक्षर धरून.
नखातला पेस्टचा लाल रंग कागदाला लागला,
चोविसाव्या नावापुढे एक अर्धं बोट.
ऑडिटर विचारील, हे काय सांडलंय?

विचारू दे.