सातवा बार

टाक्यांना धार लावायचा भाता जिथे होता,
खाणीच्या काठावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत
आम्ही वस्तू मांडतो आहोत.
माझं अक्षर बरं, म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडे.

घण. वजन नऊ किलो.
किलो नको लिहूस, तिप्पण्णा बंदपट्टे म्हणाले,
लिही, सकाळी हलका, दुपारी चारला जड.
लिहिलं.

पहार. पाचर.
सुतकी, दांड्यावर चार बोटांचे खळगे.
हणमव्वा अलकुंटेनं ती दिली, पण एका अटीवर :
वार्निश लावायचं नाही, घाम बुजेल.
दर शनिवारी येते, नवऱ्याच्या खळग्यांत
आपली बोटं ठेवून बघते.
लहान पडतात.

आमच्या बोलीत दगड म्हणजे रायी.
तुम्ही लोक राईचा पर्वत करता.
आमच्यांनी जन्मभर पर्वताची राई केली,
पाऊण इंची, अर्धा इंची, कच,
आणि जी धूळ उरली तिला भाव नव्हता,
ती छातीत गेली.
तिच्यासाठी एक बरणी ठेवलीय. रिकामी.
चिठ्ठी सुचत नाही.

मध्यंतरी महापालिकेचे साहेब आले.
खाण बुजवू म्हणाले, शहराचा राडारोडा कुठे टाकायचा?
तिप्पण्णांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी दिलं.
साहेब, हा खड्डा रिकामा नाही.
ह्यातला दगड तुमच्या कचेरीच्या पायात आहे,
फलाटाखाली आहे, गिरणीच्या धुराड्याखाली आहे.
आधी तो परत आणा, मग खुशाल बुजवा.
साहेब हसले. फाईल काखेतच राहिली.
अजून काही ठरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मांडता येईना. हाळी.
बत्ती लावण्याआधी माझा आजा, यंकप्पा,
कड्यावर उभा राहून तीनदा ओरडायचा,
होऽऽश्शार!
अक्कलकोट रस्त्यावर टांगे थांबायचे म्हणे,
बाया पोरं ओढून दगडाआड बसायच्या
आणि बार मोजायच्या.
मी त्याला पाहिलेलं नाही.

खोली उघडायच्या दिवशी, त्रेचाळीस डिग्रीत,
पाहुण्यांपैकी कुणी म्हणालं, ओरडून दाखवा ना.
तिप्पण्णा कड्यावर गेले. चपला काढल्या.
होऽऽश्शार.
दुसऱ्या हाळीला पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.
तिसरीला आमच्या म्हाताऱ्या खाली बसल्या,
सगळ्या, एकदम,
कानांवर पदर, डोकं गुडघ्यांत.
हणमव्वा मोजू लागली.

काहीच वाजत नव्हतं.
खाली हिरव्या पाण्यावरून एक खंड्या गेला.
तीन. चार.
मंडपाचं कापड फडफडलं.
पाच. सहा.
आणि थांबली.

सात भोकं होती त्या दिवशी, वाजले सहा.
अशा वेळी अर्धा तास थांबायचं असतं.
मुकादमाला घाई होती, गाड्या उभ्या होत्या.
तिचा नवरा आणि माझा आजा
बघायला गेले.

पाहुणे गेल्यावर तिनं उठायला माझा हात धरला.
बोलली काही नाही. धूळ झटकली,
सुतकी जागेवर आहे का बघितलं.

रात्री मी एक चिठ्ठी लिहिली.
बरणीवर नाही लावली, दाराला लावली :
आत येण्याआधी जरा थांबा.
घाई करू नका.