एक सूत

मामा म्हणाले, असं एकट्यानं जायचं नसतं,
चार माणसं न्यायची असतात, सुपारी असते, पाट असतात.
पण मामा चाळीसगावला
आणि माझ्याकडे मोजून एक स्कूटर.
दाभोळकर कॉर्नरला पाच मिनिटं नुसता उभा होतो :
पेढे घेतले तर ठरल्यासारखं दिसतं,
काही नाही घेतलं तर कसं दिसतं.
शेवटी केळी घेतली. डझनभर.

उद्यमनगरात शटर अर्धं वर.
खराडेकाका सागवानी पॅटर्न तासत होते,
पंपाचा की कशाचा, मला कळलं नाही.
"आलास व्हय. धर हे."
मी धरलं.
तीन दिवस पाठ केलेलं पहिलं वाक्य
भुशात पडलं,
आणि पहिल्याशिवाय दुसरं येईना.

पाऊण तास मी धरूनच होतो.
ते घासत, कॅलिपर लावत, परत घासत.
"एक सूत जास्त ठेवायचं,"
स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले,
"ओतलेलं निवताना आकसतं.
नवी पोरं बरोब्बर मापानं करत्यात
आणि फौंड्रीवाल्याच्या शिव्या खात्यात."

मी म्हणालो, काका, हर्षलाला मी,
म्हणजे तिला विचारायच्या आधी
तुम्हाला विचारावं म्हणून

हात थांबला नाही.
पगार विचारला नाही.
जात त्यांना ठाऊकच असणार,
ती माझ्याआधी येऊन बसते सगळीकडे.
एवढंच म्हणाले, "वर जा. शालनला सांग.
ऐकू आलंय तिला. तरी सांग."

वर काकू दोडक्याच्या शिरा काढत बसलेल्या.
सगळं ऐकलं. शेवटची शीर काढून झाल्यावर म्हणाल्या :
"मला कोण विचारलं न्हवतं.
शाळेतनं आलो, तर दारात चपलांचा ढीग.
वाटलं, कोण तरी गेलं."

त्या हसल्या नाहीत. मीही नाही.
इथल्या बायका 'आलो', 'गेलो' म्हणतात,
हर्षलाही 'येतो' म्हणूनच निघते,
आणि दर वेळी मला वाटतं
माझ्या वाटणीचं वाक्य तीच बोलून गेली.

"आशीर्वाद काय, देतो की," काकू म्हणाल्या.
"पण तिचं 'व्हय' आमच्याकडं न्हाई.
आमी ते ठेवून घेतलेलं न्हाई.
तिच्याकडं माग."
मग आदल्या दिवशीची शिरांची चटणी
स्टीलच्या डब्यात भरली,
झाकण दोनदा दाबलं.
"डबा परत आणून दे.
ती न्हाई म्हनली तरी.
सेटातला हाय."

खाली आलो तर काकांनी केळं सोललेलं,
भुशाच्या हातानंच खात होते.
"काय म्हनली?"
"डबा परत आणायला सांगितलाय."
त्यांनी पॅटर्नवरून अंगठा फिरवला
आणि "मग झालं की" म्हणाले,
किंवा "मग बघू की".
शेजारच्या शेडात लेथ चालू होता.

सहाला ती टाउन हॉलच्या बागेपाशी येणार आहे.
डिकीत डबा प्रत्येक खड्ड्याला वाजतोय.
सिग्नलला पाय टेकून
मी वाक्य पुन्हा जुळवायला घेतलंय,
या वेळी
जरा मोठंच ठेवून.