दोनशे ग्रॅम

वीस किलोचं पोतं तीन घरांत वाटायचं
तर प्रत्येकी सहा किलो सहाशे,
उरलेल्या दोनशे ग्रॅमचं वरण त्याच रात्री,
पंगत आमच्याकडे.
फहाहीलच्या चौथ्या मजल्यावर एवढा एकच कायदा
आम्ही आमच्या हातानं केलेला.

मोजायला बॅगेचा काटा.
गावी निघताना तीस किलोवर अडून बसणारा,
खजुराची पाकिटं परत काढायला लावणारा,
तोच आकड्याला पिशवी लटकवून तूरडाळ तोलायचा.
नफीसा तांडेल डोळे बारीक करून आकडा वाचायची.
"दहा ग्रॅम तुझ्याकडे ज्यास्त गेले गो."

धनावड्यांचा वाटा आमच्याकडेच राहिला.
एप्रिलात कंपनीनं चाळीस जणांना बोलावलं,
पंधरा दिवसांत इकामा रद्द,
सोफा कुणाला, फ्रिज कुणाला, मुलाचे दाखले,
डाळीचं कुणाच्या ध्यानात येणार.
दूध पावडरीचा मोठा डबा,
त्यावर वहिनींचं तिरकं अक्षर: धनावडे, तूर.
मी झाकण उघडलं नाही.
दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नये.

ऑगस्टात उघडावंच लागलं.
झाकणाच्या आतून एक टोका चालला होता,
कसली घाई नसल्यासारखा.
त्याला इथला व्हिसा कधी लागलाच नाही.

मग सगळी डाळ परातीत. चाळणी. सूप.
(सूप चिपळूणचं, साड्यांच्या घडीत आलेलं;
विमानतळावरच्या पोरानं उलटसुलट करून विचारलं होतं,
हे वाजवतात का?)
जाळी धरलेले गोळे बोटांनी सोडवले.
पोकळ दाणे फुंकरीनं जातात.
जात नाहीत ते ठेवायचे.

हारिसकडे गच्चीची किल्ली मागितली.
तो म्हणाला, मॅडम, पन्नास आहे वर.
म्हटलं, तेवढंच पाहिजे.
जुनी चादर, चार कोपऱ्यांना चार विटा.
पंधरा मिनिटांत डाळ अशी तापली
की परतायला झारा आणावा लागला.
किडे सावली शोधत निघाले.
सावली फक्त माझी होती.
मी बाजूला झाले.

संध्याकाळी एरंडेलाचा हात.
नफीसा चोळायला बसली, बोलली काही नाही.
तिच्या नवऱ्याकडेही यादी निघायची आहे
हे मला मागाहून कळलं.

काटा: पाच किलो नऊशे.
वहिनींना कराडला कळवलं,
सातशे ग्रॅम किड्यांनी नेली, रागावू नका.
रात्री उशिरा उत्तर आलं:
आम्हीपण उतरलोय की तेवढे. शिजवून टाका.

शिजवली नाही.
दोन-दोन किलोच्या बरण्या भरल्या, तिसरी जराशी उणी,
तळाशी कागदात हिंगाचा खडा, वर सुक्या मिरच्या.
धनावडे, तूर.
खाली आजची तारीख.

नफीसा बरणीचं झाकण आवळत म्हणाली,
आता पोतं आणलं तर दोघींत दहा-दहा,
हिशेब सोपा.

खरंच सोपा.
वरणापुरतंही काही उरत नाही.