अर्धा शिपाई

कोलवाळच्या कोटातले तीस शिपाई,
निम्मा खर्च सरकारचा, निम्मा गांवकरीचा.
हुकूम आला, तो वाचून दाखवायचं काम माझं.
वाचताना आवाज मी मुद्दाम सपाट ठेवला.

इनास गांवकार म्हणाला, शाबा, एक सांग,
म्हणजे दर शिपायातला अर्धा आपला.
कुठला अर्धा?
कायतान म्हणाला, पोटाकडचा.
बैठक हसली.
ते हसू मी वहीत घेतलं नाही, त्याला सदर नव्हतं.

घेतलं ते असं:
उकडे तांदूळ, खंडी अकरा.
पहाऱ्याच्या दिव्याला खोबरेल.
दारूच्या पिंपांवर झावळ्या, दोन गाड्या.
तापाने गेलेल्या दोघांना कफनाचं कापड;
तेही निम्मं. शिंप्याने ते मधोमध दुमडलं
आणि माझ्याकडे बघत विचारलं, कापू?
सरकारचा वाटा: गलबताबरोबर येणे.
सरकारचा वाटा: पुढल्या गलबताबरोबर येणे.
त्यापुढच्या पानावर नुसतंच, येणे.

पैसे काढले बांधाच्या खात्यातून.
भरलेलं असं दुसरं खातंच नव्हतं.
मानशीची फळी कुजलीय, पाणी धरणार नाही,
हे पाच जणांनी सांगितलं.
मी मान डोलावली आणि टाक बुडवला.

कोटाच्या तोफा नदीकडे तोंड करून.
शत्रू नदीतून येणार, हे पोरांनाही पाठ.
भाद्रपदातल्या अमावास्येला आला तो,
भरतीबरोबर, पाय न वाजवता,
फळी ढकलून थेट दाणा धरलेल्या कोरगुटात.
खारं पाणी.
तोफ उडाली नाही. उडवणार कुणावर?

रात्रभर चिखल वाहिला आम्ही,
पेंढा, माडाचे ओंडके, कुणाचं तरी मोडकं दार.
माझ्या शेजारी टोपली घेऊन कोण होतं
ते उजाडेपर्यंत कळलं नाही.
जासिंतु. सतरा-अठरा वर्षांचा,
बूट गळ्यात अडकवलेले
(बूट जोडी एक, निम्मे आमचे),
बरगड्यांपर्यंत काळा.
आपल्या मुलखातल्या कुठल्याशा नदीचं नाव घेऊन
हाताने दाखवत होता: अस्संच, अस्संच.
इनासच्या बायकोने त्याला पेज वाढली,
वर खारातल्या तोराची फोड.
आंबटाने त्याचा एक डोळा मिटला.
कुठला अर्धा, हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

पहारा सोडला म्हणून कप्तानाने
त्याचा महिन्याचा पगार कापला.
मग मी, शाबा, कोलवाळ गांवकरीचा कुळकर्णी,
नवं पान घेतलं.
पगार निम्मा आमचा,
तर कापलेल्यातलाही निम्मा आमचा; परत मिळावा.
अशरफी, टांगा, बरगाणी, नीट मांडलं.
पुढे लिहिलं, येणे.

शाई वाळायची होती.
दारात सुतार उभा, मानशीची नवी फळी खांद्यावर,
ती खाली ठेवायला तयार नव्हता
पैसे कुणाकडे मागायचे ते कळेपर्यंत.